डॉक्टरांच्या पत्रांचें शिक्कामोर्तब

‘ध’चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार मराठी घरांत लहान मुलांसहि ठाऊक असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि त्याविषयीं जी आख्यायिका लोकांच्या तोंडीं राहिली ती एका अक्षराची आहे. ‘धरावें’ असें लिहिलेल्या हुकुमांत कोणी तरी ‘मारावें’ असें केलें, आणि गारद्यांच्या हातून धरपकड व्हावयाच्या ऐवजीं खून झाला, अशी ती कथा. तिच्यांत इतिहास किती आणि कल्पना किती हा वाद निराळा. परंतु ती अडीचशें वर्षें टिकून राहिली ह्याचें कारण असें कीं, प्रत्येक लेखी व्यवहाराच्या मुळाशीं असलेलें एक भय तिनें नेमकें पकडलें आहे. लिहिणारा एक, पोंचविणारा दुसरा आणि त्याबरहुकूम वागणारा तिसरा. मधल्या वाटेंत कागदाचें काय झालें हें पहिल्यास कळत नाहीं, आणि तिसऱ्यास तें कळावयास मार्ग नसतो.

जुन्या दफ्तरांतील कारकून ह्या भयाशीं चांगले परिचित होते. मराठेशाहींतील राजपत्राच्या माथ्यावर धन्याचा शिक्का असे. आणि मजकूर जेथें संपला तेथें, दुसऱ्या कोणास पुढें एक ओळहि वाढवितां येऊं नये म्हणून, मोर्तब होत असे. लांब पत्रासाठीं कागदाचे बंद एकास एक चिकटवावे लागत. तेव्हां जोडाच्या पाठीवर शिक्का उठवीत, म्हणजे मधला एखादा बंद काढून त्या जागीं दुसरा घातला तर तुटलेला शिक्का चुगली करी. माथ्याचा शिक्का पत्र कोणाचें तें सांगे. शेवटचें मोर्तब आणि जोडावरचा ठसा तें अखंड असल्याची साक्ष देई. आणि हे सर्व जागच्या जागीं असले म्हणजे ‘हें मीं लिहिलेंच नाहीं’ असें म्हणावयास धन्यास जागा राहत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा साधा शब्द त्या दुहेरी बंदोबस्ताची आठवण आहे.

राजाज्ञेइतकेंच जीवनमरण ज्यावर अवलंबून असतें असा दुसरा कागद म्हणजे एका डॉक्टरानें दुसऱ्या डॉक्टरास किंवा औषधविक्रेत्यास लिहिलेली चिठ्ठी. जोंपर्यंत घरचा एकच डॉक्टर सर्व कुटुंबाची नाडी पाहत होता तोंपर्यंत ह्या चिठ्ठीचें महत्त्व बेताचें होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वैद्यकाच्या शाखा वाढल्या. एकाच मधुमेही गृहस्थाचें हृदय एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे, मूत्रपिंडें तिसऱ्याकडे आणि रक्ताची तपासणी चौथ्याकडे, अशी वांटणी झाली. रोगी एक, परंतु त्याच्याविषयींचें ज्ञान चार ठिकाणीं विखुरलेलें. तें एकत्र आणावयाचें तर पत्रावांचून गति नाहीं. आणि तें पत्र चुकलें तर चौघेहि निष्णात असून रोग्यास त्यांचा उपयोग होत नाहीं.

पत्र चुकतें म्हणजे काय होतें ह्याचें एक उदाहरण अमेरिकेच्या टेक्सास राज्यांत घडलें. १९९५ सालीं तेथील एका हृदयरोगतज्ज्ञानें ४२ वर्षांच्या रोग्यास ‘आयसॉर्डिल’ नांवाचें औषध २० मिलिग्रॅमच्या मात्रेनें, दर सहा तासांनीं घेण्यास लिहून दिलें. अक्षर इतकें गिचमिड कीं औषधविक्रेत्यानें तें ‘प्लेंडिल’ असें वाचलें व तेंच औषध दिलें. प्लेंडिलची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. रोग्याच्या पोटांत त्याच्या आठपट जाऊं लागली. थोड्याच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यानें त्याचा अंत झाला. १९९९ सालीं ओडेसा येथील ज्यूरीनें लिहिणारा डॉक्टर आणि वाचणारा विक्रेता ह्या दोघांसहि जबाबदार धरलें. येथें कोणी कपटानें ‘ध’चा ‘मा’ केला नव्हता. अक्षरानेंच तो केला.

ह्यावर उपाय उघड दिसत होता. हातानें लिहूं नये. संगणकावर टंकलेखन करावें आणि तारेनें पाठवावें. अक्षराचा प्रश्न त्यायोगें सुटला. परंतु अक्षराबरोबर हातहि गेला. वाईट अक्षर झालें तरी तें एका विशिष्ट माणसाचें असे, आणि शेजारचा औषधविक्रेता त्यावरून लिहिणारास ओळखी. छापील अक्षरास गोत्र नाहीं. कोणाच्याहि नांवानें कोणीहि तें उमटवावें, आणि वाटेंत एक टिंब पुसून ०.५ चे ०५ करावे. कागदावर निदान खाडाखोड दिसते, येथें तीहि दिसत नाहीं. सहीचें चित्र काढून पत्राखालीं चिकटवावें तर तें चित्र पुढच्या क्षणीं दुसऱ्या पत्राखालीं तितक्याच सुबकपणें चिकटतें. जी सही पत्रापासून सुटी करतां येते ती सहीच नव्हे. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, ज्या वस्तूच्या हव्या तितक्या हुबेहूब नकला निघतात, तिच्यावर नक्कल न होणारी खूण कशी उठवावी?

ह्या प्रश्नाचें उत्तर गणितज्ञांनीं शोधलें, आणि तेंहि टेक्सासच्या त्या प्रसंगाच्या जवळजवळ वीस वर्षें आधीं. नोव्हेंबर १९७६ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांत काम करणारे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्यांचा गुप्तलेखनाच्या नव्या दिशा दाखविणारा निबंध प्रसिद्ध झाला. जुन्या गुप्तलेखनांत एकच किल्ली असे. ज्या किल्लीनें कुलूप लावावयाचें तिनेंच तें उघडावयाचें. म्हणून ती पाठविणारा व घेणारा अशा दोघांकडेहि ठेवावी लागे. आणि दोघांकडे असलेल्या किल्लीनें सही होत नाहीं, कारण पत्र दोघांपैकीं कोणी लिहिलें हें तिऱ्हाइतास सिद्ध करून दाखवितां येत नाहीं. डिफी व हेलमन ह्यांनीं सुचविलें कीं प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असावी. एक खुली, जगजाहीर. दुसरी खासगी, जिवापाड जपलेली. खुल्या किल्लीवरून खासगी किल्ली हुडकून काढणें व्यवहारांत अशक्य असावें. खासगी किल्लीनें जें घडविलें तें खुल्या किल्लीनें कोणासहि पडताळतां यावें. परंतु खुल्या किल्लीनें तें कोणासहि घडवितां येऊं नये. म्हणजे सही करणारा एक, आणि ती ओळखणारें सर्व जग. कल्पना स्पष्ट होती. तिला सोयीचा देह देणारें गणित मात्र अजून सांपडावयाचें होतें.

तें पुढच्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉनल्ड रिव्हेस्ट, अदी शामीर आणि लेनर्ड एडलमन ह्यांस सांपडलें. फेब्रुवारी १९७८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकांत ‘डिजिटल सही’ हे शब्द आधीं आणि गुप्तलेखन मागाहून आलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या गणिताचें मर्म शाळकरी मुलासहि समजण्याजोगें आहे. ५३ आणि ६१ ह्यांचा गुणाकार पाटीवर सहज होतो: ३२३३. परंतु ३२३३ हा आंकडा देऊन ‘हा कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार?’ असें विचारलें तर बराच वेळ चांचपडावें लागतें. संख्या शेंकडों आंकड्यांची घेतली तर संगणकहि चांचपडतो. गुणाकार जाहीर करावा आणि अवयव गुप्त ठेवावे. ह्या विषमतेवर ती सही उभी आहे. ऑगस्ट १९७७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत मार्टिन गार्डनर ह्यांच्या सदरांतून १२९ आंकडी संख्येचें आव्हान जगापुढें ठेवण्यांत आलें, आणि १०० डॉलरांचें बक्षीस लावण्यांत आलें. १९९४ सालीं सुमारें ६०० स्वयंसेवकांनीं आपापले संगणक जुंपून ती संख्या फोडली. ह्या कुलपाची मजबुती त्याच्या लांबीवर आणि काळावर अवलंबून आहे, हा धडा त्यांतून मिळाला. तो पुढें उपयोगी पडणार होता.

ब्रिटनच्या सरकारी गुप्तलेखन खात्यांतील जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स हे १९७० ते १९७३ ह्या काळांत खुल्या किल्लीच्या तत्त्वापर्यंत पोंचले होते, हें डिसेंबर १९९७ मध्यें उघड झालें. तोंवर तें ज्ञान सरकारी कपाटांत पडून होतें. त्या खात्याचें सारें लक्ष गुप्ततेकडे होतें. सहीची निकड बाजारास, न्यायालयास आणि रुग्णालयास होती, आणि ह्यांपैकीं कोणाचाहि त्या कपाटांत प्रवेश नव्हता.

गुप्तता आणि सही ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें येथें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. लखोटा बंद आहे म्हणून आंतील मजकूर खराच, असें होत नाहीं. आणि सही खरी आहे म्हणून पत्र वाटेंत कोणी वाचलें नाहीं, असेंहि होत नाहीं. डॉक्टरांच्या पत्रव्यवहारास दोन्हींची गरज आहे. रोग्याची अब्रू लखोट्यानें राखली जाते. त्याचा जीव पुष्कळदां सहीनें राखला जातो.

प्रत्यक्षांत सही सबंध पत्रावर करीत नाहींत. प्रथम पत्राचा एक लहानसा आंकडी ठसा काढतात. पत्र चार ओळींचें असो वा चारशें पानांचें, ठशाची लांबी तीच. परंतु मजकुरांतील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखूं न येण्याइतका पालटतो. ह्या ठशावर खासगी किल्लीनें सही होते. पत्र घेणाराचा संगणक आलेल्या मजकुराचा ठसा नव्यानें काढतो, खुल्या किल्लीच्या साहाय्यानें सहींतील ठशाशीं तो पडताळतो, आणि दोन्ही जुळले तरच सही खरी मानतो. ०.५ मधलें टिंब पुसलें गेलें असेल तर ठसे जुळत नाहींत. जुन्या दफ्तरांतील जोडशिक्का मधला बंद बदलला तरच बोलत असे. हा ठसा जणूं प्रत्येक अक्षराच्या जोडावर बसलेला असतो.

इतकें झाल्यावरहि एक फट राहिलीच. ही खुली किल्ली अमुक डॉक्टरची, हें कशावरून? कोणा भामट्यानें आपलीच किल्ली त्या डॉक्टरच्या नांवावर जाहीर केली, तर सही निर्दोष पडताळली जाईल आणि पत्र मात्र भामट्याचें असेल. १९७८ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत लॉरेन कोनफेल्डर ह्या विद्यार्थ्यानें आपल्या पदवीच्या प्रबंधांत ह्यावर तोड सुचविली. ‘अमुक किल्ली अमुक माणसाची’ असें एक विधान लिहावें, आणि सर्वांच्या विश्वासांतील एका अधिकाऱ्यानें त्यावर आपली डिजिटल सही करावी. ह्या विधानास त्यानें प्रमाणपत्र म्हटलें. गणितानें न सुटणारा प्रश्न अशा रीतीनें माणसांच्या जगांत परत आला: विश्वासांतील तो अधिकारी कोण, आणि त्यानें खात्री कशी करून घेतली?

येथून कायद्याचें काम सुरू झालें. १९९५ सालीं अमेरिकेंतील यूटा राज्यानें डिजिटल सहीचा कायदा केला. जगांतील तो पहिला मानला जातो. १९९७ सालीं जर्मनीनें तसा कायदा केला. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यास ९ जून २००० रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो अंमलांत आला. प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्थांस परवाने देण्यासाठीं व त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं त्यानें एक नियंत्रक नेमला. अशा प्रमाणपत्राच्या आधारें केलेल्या सहीस हातच्या सहीची योग्यता त्या कायद्यानें मिळाली. पुढें २००८ सालीं दुरुस्ती झाली, व २७ ऑक्टोबर २००९ पासून सहीच्या इतर इलेक्ट्रॉनिक प्रकारांसहि कायद्याचें दार उघडलें.

डॉक्टरांच्या व्यवहारांत ही सही कशी शिरली, ह्याचा इतिहास अमेरिकेंत विशेष बोधप्रद आहे. रोग्यांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा तेथें १९९६ सालीं झाला. त्याखालील सुरक्षितता-नियमांचा मसुदा ऑगस्ट १९९८ मध्यें निघाला, तेव्हां त्यांत असें म्हटलें होतें कीं, कोणी इलेक्ट्रॉनिक सही वापरणार असेल तर ती डिजिटल सहीच असावी. फेब्रुवारी २००३ मध्यें अंतिम नियम निघाले, आणि सहीचें प्रकरण पुढें स्वतंत्रपणें पाहूं असें सांगून वगळण्यांत आलें. लखोट्याची व्यवस्था झाली, मोर्तबाची राहिली. पुष्कळ दवाखान्यांतून फॅक्स यंत्र तसेंच खडखडत राहिलें.

मार्च २०१० मध्यें त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या पुढाकारानें ‘डायरेक्ट प्रोजेक्ट’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचें उद्दिष्ट लहान आणि म्हणूनच शहाणपणाचें होतें. सर्व रोग्यांचें एक अवाढव्य दफ्तर उभारण्याचा संकल्प त्यांत नव्हता. एका डॉक्टरचें पत्र दुसऱ्या ओळखीच्या डॉक्टरास साध्या ई-मेलसारखें, परंतु सही करून व लखोट्यांत घालून पोंचवावें, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्यासाठीं नवें यंत्र शोधावें लागलें नाहीं. ई-मेलवर सही करण्याची व तो बंद करण्याची ‘एस-माइम’ ही पद्धति १९९० नंतरच्या दशकांत तयार झालेली होती. जानेवारी २०११ मध्यें मिनेसोटांतील हेनेपिन काउंटी मेडिकल सेंटरनें लसीकरणाच्या नोंदी ह्या मार्गानें राज्याच्या आरोग्य खात्याकडे पाठविण्यास आरंभ केला.

परंतु ह्या व्यवस्थेंत सही कोण करतें, हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. किल्ल्या सांभाळणें हें कामाच्या रगाड्यांतील डॉक्टरास अवघड. म्हणून तें काम मध्यस्थ टपालसंस्थांकडे सोंपवितां येईल अशी योजना होती. डॉक्टर आपल्या पडद्यावर पत्र लिहून पाठवितो. त्याच्या वतीनें ही संस्था त्यावर सही करते व लखोटा बंद करते. पलीकडील संस्था लखोटा उघडते, सही पडताळते आणि पत्र दुसऱ्या डॉक्टरपुढें ठेवते. प्रमाणपत्र एकेका पत्त्याचें असावें किंवा सबंध रुग्णालयाचें असावें, दोन्ही नियमांत बसत असे. जेथें तें सबंध रुग्णालयाचें असेल तेथें सहीचा अर्थ ‘हें पत्र त्या रुग्णालयाच्या दारांतून निघालें व वाटेंत बदललें नाहीं’ एवढाच होतो. आंत तें कोणत्या हातानें लिहिलें, हें त्या सहीवरून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं रुग्णालयाच्या स्वतःच्या शिस्तीवर विश्वास ठेवावा लागतो. हा टपालघराचा शिक्का झाला. पत्राखालची सही नव्हे. टपालघराचा शिक्का निरुपयोगी मुळींच नाहीं. परंतु त्यास सही समजणें धोक्याचें आहे.

हा भेद अमेरिकन सरकारास ठाऊक नव्हता असें नाहीं. त्याच २०१० सालीं, १ जूनपासून, नशा आणणाऱ्या व नियंत्रित औषधांच्या इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्यांविषयीं तेथील अंमली पदार्थविरोधी खात्याचे नियम लागू झाले. त्यांत दवाखान्याच्या शिक्क्यावर भागत नाहीं. सही करतांना डॉक्टरानें स्वतःची ओळख दोन प्रकारांनीं पटवावी लागते: त्याला ठाऊक असलेला संकेतशब्द, त्याच्याजवळ असलेली वस्तु, किंवा बोटाच्या ठशासारखी अंगची खूण, ह्या तिहींपैकीं कोणतेहि दोन. आणि ही साधनें मदतनिसाच्या स्वाधीन करावयाचीं नाहींत. अफूच्या गोळीसाठीं हात ओळखावा लागतो आणि इतर पत्रांसाठीं घर ओळखलें तरी चालतें, असा दुहेरी हिशेब त्या एका देशांत एका वर्षीं मांडला गेला.

एस्टोनिया ह्या लहान देशानें दुसरी वाट धरली. तेथें २००२ पासून नागरिकांस जें ओळखपत्र मिळूं लागलें त्याच्या चकतींतच खासगी किल्ली असे. जानेवारी २०१० मध्यें तेथें इलेक्ट्रॉनिक औषधचिठ्ठ्या सुरू झाल्या, तेव्हां डॉक्टर आपल्याच ओळखपत्रानें त्यांवर सही करूं लागले. घराचा शिक्का आणि माणसाचा हात हा भेद तेथें उरला नाहीं. परंतु २०१७ सालीं निराळेंच संकट आलें. त्या चकत्यांत किल्ल्या घडविण्याच्या रीतींत दोष असल्याचें संशोधकांच्या ध्यानांत आलें. खुल्या किल्लीवरून खासगी किल्ली काढणें अपेक्षेहून पुष्कळ सोपें ठरत होतें. सुमारें ७,६०,००० ओळखपत्रांवर त्याची छाया पडली, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं सरकारनें त्यांचीं प्रमाणपत्रें स्थगित करून नवीं घेण्यास लावलें. त्याआधीं २०११ सालीं नेदरलंडमधील ‘डिजिनोटार’ ह्या प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्थेच्या संगणकांत चोर शिरले होते आणि त्यांनीं ५०० हून अधिक खोटीं प्रमाणपत्रें काढलीं होतीं. सप्टेंबरांत ती संस्था दिवाळखोर ठरली. किल्लीकार चुकला तर कुलूप निरर्थक, आणि साक्षीदार फुटला तर साक्ष निरर्थक, हें ह्या दोन प्रसंगांनीं दाखविलें.

ह्याहून सूक्ष्म असा एक दोष २००१ सालीं डॉन डेव्हिस ह्यांनीं अमेरिकेंतील यूसेनिक्स परिषदेपुढें मांडला. समजा, एका डॉक्टरानें ‘तपासणींत कांहीं आढळलें नाहीं, औषध बंद करावें’ एवढेंच लिहून त्यावर सही केली, मग तें लखोट्यांत घालून दुसऱ्या डॉक्टरास धाडलें. दुसऱ्यानें लखोटा उघडला. आंतील सही केलेला कागद त्याच्या हातीं आला. तोच कागद त्यानें नव्या लखोट्यांत घालून तिसऱ्यास पाठविला, तर तिसऱ्यास वाटेल कीं पहिल्यानें हें आपल्यासच आणि आपल्याच रोग्याविषयीं लिहिलें. सही खरी, मजकूर अखंड, आणि तरीहि अर्थ खोटा! कारण सही मजकुरास बांधलेली होती. घेणाराचें नांव लखोट्यावर होतें, आणि लखोट्यावर सही नव्हती. उपाय साधा आहे. पत्र कोणास, कोणत्या रोग्याविषयीं व कोणत्या दिवशीं लिहिलें हें सहीच्या आंत, मजकुरांतच आलें पाहिजे. जुन्या मराठी पत्राचा मायना व मिति ह्यांकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहण्याची संवय झाली आहे. त्यांनीं पत्र एका माणसाशीं आणि एका दिवसाशीं जखडून ठेवलें होतें, ही त्यांची योग्यता ह्या उदाहरणावरून ध्यानांत येते.

काळाचा प्रश्नहि डॉक्टरांच्या बाबतींत अधिक अवघड आहे. व्यापाऱ्याची हुंडी वटली म्हणजे तिचें काम संपलें. अर्भकाच्या लसीची अथवा शस्त्रक्रियेची नोंद साठ-सत्तर वर्षांनीं उपयोगी पडावयाची. आणि ठसे काढण्याच्या पद्धति इतक्या दीर्घायुषी ठरलेल्या नाहींत. १९९१ सालच्या ‘एमडी-५’ पद्धतींत दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा काढतां येतो, हें २००४ सालीं सिद्ध झालें. १९९५ सालच्या ‘शा-१’ची तीच गति फेब्रुवारी २०१७ मध्यें झाली. पीटर शोर ह्यांनीं १९९४ सालींच दाखविलें होतें कीं, पुरेसा मोठा क्वांटम संगणक निर्माण झाला तर मोठ्या संख्यांचे अवयव तो चटकन् पाडील. त्या दिवसाची तयारी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेनें १३ ऑगस्ट २०२४ रोजीं नवीं प्रमाणें जाहीर केलीं. त्यांपैकीं दोन सहीचीं आहेत. जुन्या पोथ्या जशा जीर्ण होण्यापूर्वीं नव्या कागदावर उतरवून घ्याव्या लागत, तशा जुन्या सह्याहि दुबळ्या होण्यापूर्वीं नव्या सहीच्या संरक्षणाखालीं घ्याव्या लागतात. हें काम गणित करीत नाहीं. दफ्तर सांभाळणारीं माणसें करतात.

भारतांत दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचीं मार्गदर्शक तत्त्वें २५ मार्च २०२० रोजीं, साथीच्या ऐन धामधुमींत, प्रसिद्ध झालीं. रोग्यास औषधचिठ्ठी पाठवितांना सही केलेल्या चिठ्ठीचें छायाचित्रहि त्यांनीं चालवून घेतलें. त्या दिवसांत तें व्यवहार्यहि होतें. परंतु एका डॉक्टरानें दुसऱ्याचा सल्ला घेतला असतां काय, ह्याविषयींचें त्यांतील वचन मोलाचें आहे. सल्ला विचारणारा डॉक्टर हाच उपचार करणारा राहतो, आणि उपचाराची जबाबदारी त्याचीच. म्हणजे सल्ल्याच्या पत्रावरील सही कितीहि निर्दोष असली तरी तें पत्र उघडून वाचणें, रोग्याकडे पाहणें आणि मग ठरविणें हें कर्तव्य कोणत्याहि किल्लीनें दुसऱ्याच्या गळ्यांत घालतां येत नाहीं.

ह्या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ त्या जुन्या आख्यायिकेकडे परत नेतो. डिजिटल सही असती तर ‘ध’चा ‘मा’ झालेला तत्क्षणीं उघडा पडला असता. ठसा जुळला नसता, आणि हुकूम हातीं घेणारास थांबावयास कारण मिळालें असतें. परंतु मूळ हुकुमांतच ‘मारावें’ असें असतें, तर तीच सही बिनबोभाट पडताळली गेली असती. पत्र कोणाचें आणि तें जसेंच्या तसें आलें कीं नाहीं, एवढेंच शिक्कामोर्तब सांगतें. त्यांत लिहिलेली मात्रा रोग्यास सोसेल कीं नाहीं, हें लिहिणाराच्या आणि वाचणाराच्या बुद्धीस व सदसद्विवेकास विचारावें लागतें. सहीचा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नाहीं, कीं पुढें कोणी विचारलें तर उत्तर कोणी द्यावयाचें हें तिच्यामुळें ठरलेलें असतें. पलंगावर पडलेल्या रोग्यास ह्यांतील एकहि किल्ली दिसत नाहीं. परंतु आपल्याविषयीं जें लिहिलें गेलें त्याखालीं एक माणूस उभा आहे, एवढें आश्वासन त्याला हवें असतें, आणि त्यावर त्याचा हक्कहि आहे.